कागदाकडे न बघता

वर्गातल्या बाई म्हणाल्या:
कागदाकडे बघायचं नाही,
पेन्सिल उचलायची नाही,
डोळा मुंगीसारखा कडेकडेनं चालवायचा.

म्हणून दांडिया बाजारच्या गॅलरीतून
समोरचा करसनभाई, इस्त्रीवाला.
खांदा. कोपर. मनगटावर
दोनदा गुंडाळलेला निळा दोरा.
मग इस्त्रीची मूठ, आणि तिथं
मुंगी थांबली.

हा डावखुरा आहे.

अकरा वर्षं याच्याकडे कपडे टाकतेय,
सुट्टे पैसे याच हातातून घेतलेत.

कागद बघितला तर कान छातीत,
इस्त्री पार वर, तारेवरल्या कबुतरांत.

संध्याकाळी तो गठ्ठा घेऊन आला.
चित्र टेबलावर उघडंच होतं.
बराच वेळ बघून म्हणाला,
"दोरो बराबर छे."