चौदावा मजला, डावीकडून तिसरी

खारदांड्यातून वल्ह्यावर अर्धा तास.
तिथे पाण्याखाली एक खडप आहे
आमच्या ओट्याएवढा, फार तर दीड ओटा.
उधाणाच्या सुकतीलाही डोकं वर काढत नाही.
त्याच्या कपारीत तांबोशी राहते.

बापाने नकाशा दिला नाही, दोन रेघा दिल्या:
मोतमाउलीचा मनोरा पिवळ्या बंगल्याच्या ताडावर,
आणि वर्सोव्याचा हिरवा दिवा
जेटीच्या दिव्याच्या बरोब्बर मागे.
"दोन खुना जुलल्या का नांगर टाक.
आनि कुनाला बोलू नको. मामालापन नाय."
मामा त्याच खडपावर यायचा.
त्यालाही त्याच्या बापाने हेच सांगितलं होतं.

मग ताड पडला. बंगला पडला.
मनोऱ्यापुढे तीस मजले उभे राहिले.
त्या वर्षी मी सात वेळा गेलो
आणि सातही वेळा शिंगाळे घेऊन आलो.
यमुनाने टोपलीत डोकावून विचारलं,
"खडपपन बिल्डरनी नेला काय?"

एका अष्टमीला, भांगेचं मऊ पाणी, पहाटेचे चार,
त्या आख्ख्या इमारतीत एकच खिडकी पेटलेली.
चौदावा मजला, डावीकडून तिसरी.
हिरवा दिवा जेटीवर आणला, शिसं सोडलं.
टक्.

तेव्हापासून तीन वर्षं ती खिडकी माझा ताड आहे.
कोण जागतं तिथे, ठाऊक नाही.
आधी वाटलं, परीक्षेचं पोर.
मग वाटलं, बाळ असेल, रात्री दूध मागणारं.
पण परीक्षा एवढी लांबत नाही,
आणि बाळंही कधीतरी झोपायला शिकतात.
मी खोकणाऱ्या म्हाताऱ्यावर येऊन थांबलो.

परवा खिडकी नव्हती.

वल्हं आडवं टाकून वाट पाहिली.
होडी आपली आपण सरकत राहिली.
बालदीत बोयटी फिरत होती गोल गोल,
तिला कसली घाई.
मग तंगूस बोटावर घेतला
आणि दर्याचा तळ चाचपत निघालो,
अंधारात भिंतीवर बटण शोधावं तसा.
चिखलात शिसं बोलत नाही, गिळलं जातं.
वाळूत खरवडतं.
चिखल. चिखल. वाळू. परत चिखल.
हिरवा दिवा धरून मी दक्षिणेला, परत उत्तरेला,
हात बधिर, पाणी वळायला आलेलं,
आणि मग
टक्.
थोडं पुढे, टक् टक्.

बोयटी पाठीत टोचून खाली सोडली.
ढोमा टोचतो, खेकडा कुरतडतो.
तांबोशी तसलं काही करत नाही.
ती एकदाच येते,
कुणी रागाने दार ओढून घ्यावं तशी,
आणि वळते ती थेट घराकडे.
पहिले तीन हात तंगूस आपला, तर मासा आपला.
तिथे सोडलंत तर कपारीत शिरली,
मग ओढत बसा खडपाला.
मी सोडलं नाही. तंगुसाने तर्जनी चिरली,
होडी कलली, बालदी उलटली,
गुडघा फळीला लावून मागे रेललो,
आणि काळ्या पाण्यातून आधी एक फिका डाग,
मग तांबं.

साडेतीन किलो भरेल. सुळे बाहेर,
डोळा माझ्यावर नाही, खाली लागलेला.
ओलं गोणपाट टाकलं.
त्याखाली ती बराच वेळ आपटत राहिली.

उजाडलं तेव्हा सगळ्या काचा सारख्याच राखाडी.
चौदावा मोजताना मी दोनदा चुकलो.
नवी खूण हवी.
शेजारच्या बांधकामावर क्रेनचा लाल दिवा आहे,
पण क्रेन फिरते.

परतताना मामाची होडी आडवी आली.
टोपली रिकामी, मान वर,
ओठ हलत होते, काहीतरी मोजत असल्यासारखे.
मी गोणपाटावर पाय ठेवला.
"काय मामा, कुठे?"
"असाच," तो म्हणाला.
दोन वल्ही मारली, मग थांबला.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"आज दिवा लागला नाय रं तिचा."

तिचा, म्हणाला.