वाफ इथवर आली नाही

करबुड्याच्या बोगद्यासमोर, जांभ्याच्या दरडीवर
पहाटे साडेपाचपासून आम्ही दोघं.
माझ्या मांडीवर कॅमेरा, दवापासून वाचवायला त्याला जुनी बनियन गुंडाळलेली.
यासीनचाचांच्या मांडीवर डबा:
तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी.
गाडी गेल्याशिवाय उघडायचा नाही.

समुद्र दिसत नाही इथून.
वारा फिरला तर नुसता खारवास,
तोही खरा की चाचांच्या शर्टाचा, सांगता येत नाही.

यासीन फणसोपकर. फायरमन. मिरज शेड.
अठरा वर्षं कोळसा मारला.
उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली,
आणि गप्प बसले की हात आपोआप हलतो,
फावडं घेतो, वळतो, रिकामं करतो,
घेतो, वळतो.
शेड थंड झाली तेव्हा साहेब म्हणाला, डिझेलवर या.
हे एसटीनं घरी आले.

मग कितीतरी वर्षांनी डोंगर फोडून रूळ आले रत्नागिरीला.
अख्खा गाव बघायला गेला, हेही गेले, निळा डगला घालून.
तेव्हा इंजिनाला हार घातलेला होता, पेढे वाटत होते,
आणि ह्यांनी ड्रायव्हरला विचारलं,
“पाणी कुठे घेता?”
तो हसला.
सगळेच हसले असणार.
“सगळ्यांकडे वाफ आली आणि गेली,” चाचा सांगतात,
“आमच्याकडे डायरेक डिझेल.
जेवायला बसलो तेव्हा पंगत उठलेली.”

आता डिझेलही उठलं. वर तार आली.
माझ्या प्रत्येक फोटोत ती आडवी येते,
आभाळ कुणीतरी पट्टी धरून खोडल्यासारखं.
मी कुरकुरतो. चाचा म्हणतात,
“तार काय, कावळ्यांना बरी.”

सहा पन्नास.
ते तळवा दगडावर ठेवतात, डॉक्टरसारखा.
“आत शिरली.”
मला काही ऐकू येत नाही.
साडेसहा किलोमीटर काळोख आहे आत,
त्यात एक गाडी, आणि बाहेर एक म्हातारा
दगडाची नाडी बघत.

आणि मग,
गाडीच्या आधी,
बोगदा श्वास सोडतो.

आतली ऊब बाहेरच्या गारठ्यावर आपटते,
पांढरं काहीतरी लोटत येतं रुळांवर,
करवंदीच्या जाळ्या बुडतात, सिग्नल बुडतो,
तार,
तारसुद्धा.
मी बटण दाबून धरतो.
चाचा उभे राहिलेत. कधी, ते मला कळलं नाही.

त्या पांढऱ्यातून एक पिवळा दिवा,
मग धडधड, वाघिण्या, वाघिण्यांवर ट्रक,
ट्रकमागे ट्रक,
शेवटून तिसऱ्याच्या केबिनमधून एक सरदारजी
तोंडात ब्रश धरून आमच्याकडे बघतो,
ब्रश काढतो,
सलाम करतो,
जातो.

दरड थरथरायची थांबते.
एक भारद्वाज पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

चौदा फोटो. तेरा वाया.
एकात नुसती वाफ, खाली काळसर काही, आणि तो दिवा.
इंजिन कुठलं, ओळखू येत नाही.
तार नाही.

चाचा चष्मा पुसतात, शर्टाच्या टोकानं, दोनदा.
पडदा डोळ्यांजवळ नेतात, लांब धरतात, परत जवळ.
मला वाटतं, आता हे रडणार,
आणि काय बोलायचं ते मी जुळवू लागतो.

“धूर पांढरा आहे,” ते म्हणतात.
“काळा नाही. म्हणजे आग सारखी पसरलेली.
पोरगा कोण आहे माहीत नाही,
पण हात चांगला आहे त्याचा.”

मग डबा उघडतात.
चटणी जास्त माझ्याकडे सरकवतात.
मी मोबाइलवर बघतो: पुढची गाडी तासभर लेट.

“असू दे,” भाकरी मोडत म्हणतात,
“पाणी भरत असेल कुठेतरी.”