हातचा एक

बाबांनी मला बेरीज शिकवली ती माशांच्या वजनावर नाही,
आदामाच्या वयावर.
एकशे तीस मांड, केझाया. शेथ जन्मला.
आता एकशे पाच. नव्वद. सत्तर. पासष्ट.
पाटीवर एकेक म्हातारा बाप होत जायचा
आणि मी त्याच्याखाली रेघ ओढायची.

बाबा वखारीत कारकून.
ड्रूक कोव्हमधल्या प्रत्येक घराचं एक पान त्यांच्या हाती:
डावीकडे पीठ, काकवी, सुतळी,
उजवीकडे खारवलेला कॉड,
आणि तळाशी बाकी,
जी आजोबांकडून नातवाकडे जायची, नाकासारखी.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात सेंट जॉन्सच्या बँका बुडाल्या.
रिडआउटच्या विधवेने नोटा चुलीत घातल्या,
म्हणाली, निदान एवढी ऊब तरी.
त्याच हिवाळ्यात बाबांनी वही उलटी धरली
आणि मागच्या पानापासून
जगाची बाकी काढायला घेतली.

सहा दिवसांची सृष्टी, म्हणून सहा हजार वर्षं.
त्यातली किती खर्ची पडली, एवढंच शोधायचं.
यारेद एकशे बासष्ट. हनोख पासष्ट.
मथुशलह एकशे सत्त्याऐंशी,
जो नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला
आणि हिशेबाने पाहिलं तर
प्रलयाच्याच वर्षी मेला.
बुडून की त्याआधी, मी विचारलं.
बाबा म्हणाले, ते हिशेबात येत नाही.

उत्तर आलं: शहाण्णव साल,
सप्टेंबरातला शेवटचा मंगळवार.

प्रार्थनाघरात ते सांगताना त्यांचा आवाज
बाकी वाचून दाखवतानाचाच होता.
पण या वेळी लोक रडले नाहीत.
टिझार्डने जाळं दुरुस्त करणं सोडलं.
पेलीच्या मुलींनी एकमेकींची देणी माफ केली,
एक रिबीन, दोन बटणं.
फक्त आई ओट्यावर मासे चिरत राहिली, मीठ चोळत राहिली.
कुणी हटकलं तर म्हणायची,
तो येईल तेव्हा त्यालाही भूक लागलेली असेल.

ऑगस्टात एका रात्री मी बेरीज पुन्हा केली.
मी नऊ वर्षांची, झोप येत नव्हती, एवढंच कारण.
आठशे चौऱ्याहत्तर अधिक लामेखचे एकशे ब्याऐंशी.
चार नि दोन सहा. सात नि आठ पंधरा,
पाच मांडले, हातचा एक.
आठ नि एक नऊ, हातचा मिळवून दहा.
एक हजार छप्पन्न.
वहीत होतं अकराशे छप्पन्न.

बाबांनी हातचा दोनदा घेतला होता.
अख्खं एक शतक.

मला सांगता आलं असतं. दिवा विझलेला नव्हता,
भिंतीपलीकडे ते खोकत होते.
पण मार्चमध्ये घटसर्पाने आमचा इनस गेला,
जमीन गोठलेली होती म्हणून त्याची पेटी
सहा आठवडे शेडमध्ये, वल्ह्यांच्या शेजारी होती,
आणि बाबांनी मला सांगितलं होतं:
सप्टेंबरात भेटशील त्याला.
मी पाटी फ्रॉकने पुसली.

मंगळवारी आम्ही टेकडीवर गेलो.
धुकं होतं. दुपारी ते विरलं
आणि खाली तेच पाणी, त्याच होड्या,
आईच्या ओट्यावर वाळत घातलेले मासे.
कुणीतरी म्हणालं, थंडी वाजतेय.
सगळे उतरले, एकमेकांकडे न बघता.

बाबांना महिन्याभरात कारण सापडलं:
ख्रिस्तापूर्वीचं एक आणि ख्रिस्तानंतरचं एक,
यांच्यामध्ये शून्य साल नाही.
म्हणजे पुढचं वर्ष.
पुढचं वर्षही गेलं. त्या दोन्ही हिवाळ्यांत
गावाने आमचे मासे खाल्ले,
आणि बाबांनी ते कुणाच्याच पानावर मांडले नाहीत.

मरताना त्यांनी वही मागितली.
एकदा तपासून बघ, म्हणाले, तुझी नजर चांगली आहे.
मी लामेखवर बोट ठेवलं,
बराच वेळ ठेवलं,
आणि म्हणाले, बरोबर आहे, बाबा.

आता माझी नात बेरजा करते
आणि मधेच विचारते, हातच्याचं काय करायचं?
धरून ठेव, मी सांगते.
किती वेळ, ती विचारते.