निळ्या झाकणाची बाटली

हिल्डा ट्वेटन पिकअप घेऊन आली
तेव्हा मिनोटच्या रस्त्यांवरचा बर्फ करडा झाला होता.
चढावर अडखळतंय, म्हणाली,
इंजेक्टर साफ करून टाक एकदाचे.

बॉनेट उघडलं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेकावर टेकवून
मूठ कानाशी धरली.
आठही टिकटिकत होते, एका चालीत.
खोकला छातीतला की घशातला
हे आधी ओळखावं लागतं.

म्हटलं, दीडशे डॉलर मी आनंदाने घेईन,
पण तुझे इंजेक्टर ठणठणीत आहेत.

ती दस्ताने काढून पुन्हा घालू लागली.
"आयव्हर दर ऑक्टोबरात टाकीत एक बाटली ओतायचा.
या ऑक्टोबरात राहून गेलं."

तिसरा प्लग काजळला होता. बदलला.
टेकडीवर नेऊन आणली गाडी,
एकदाही शिंकली नाही.
बिल झालं अठरा डॉलर.

तिनं पाकीट मिटलं नाही.
फळीवरच्या बाटल्यांकडे बघत म्हणाली,
"फायदा होतो का रे? खरं सांग."

खरं म्हणजे
चांगल्या पेट्रोलमध्ये ते सगळं आधीच असतं.
ते मी सांगितलंही.
मग एक बाटली काढली, धूळ पुसली,
नरसाळं तिच्या हातात दिलं.

बाहेर उणे अकरा.
थेंबही न सांडता ओतलं तिनं,
आणि बाटली रिकामी झाल्यावरही
उलटी धरून उभी राहिली बराच वेळ,
कुणीतरी शिकवल्यासारखी.

बाटलीचे पैसे मी लावले.
फुकट दिली असती तर रागावली असती.