बसायची जागा

बुधवार बाजारात, सक्करदऱ्याले,
सांबार आन् चवळीच्या जुड्या घेऊन बसते मी.
बावीस वर्षं झाली. पाटी तीच,
जागा मात्र गाडी ठरवते.
अतिक्रमणवाल्यांची गाडी वळणावर दिसली
की पोतं चारही कोपऱ्यांनी उचलायचं
आन् गल्लीत शिरायचं.
म्हणून दोन कोपऱ्यांले मी आधीच गाठी मारून ठेवते.

डिसेंबरात इम्फाळले गेली. विहिणीकडे.
सून तिकडली, लिन्थोई, मेडिकलमध्ये नर्स.
पहिल्यांदा घरी जेवली तवा
मी भीत भीत विचारलं, तिखट झालं का वं?
तिनं वरून दोन मिरच्या मागितल्या.
मग मी काही विचारलं नाही.

विमानातून डोंगर, डोंगर, डोंगर,
आन् एकाएकी परातीसारखी सपाट जमीन.
तळ्यात गवताच्या भाकरी तरंगून राहिल्या होत्या.
आपल्याकडे डोंगर म्हणजे सीताबर्डीची टेकडी,
तीही फौजेची,
वर्षातून दोन-तीन दिवस उघडते.
विहिणीनं मले कांगला दाखवला, राजाचा किल्ला,
दारापुढं दोन पांढरे सिंह, शिंगं असलेले.
हातानंच सांगितलं: हा बी फौजेकडे होता,
आमच्याकडे आत्ता आत्ता आला.
तिले मराठी नाही, मले मैतेई नाही.
हिंदी दोघींची सारखीच मोडकी,
म्हणून बरं चाललं.

चार किलो संत्री नेली होती, मोठ्या तोऱ्यात.
तिनं हसून टोपली पुढं केली.
त्यांचीही संत्री. डोंगरातली, पातळ सालीची.
खोटं कायले बोलू, गोड होती.

आन् बाजार.
वर छप्पर. खाली सिमेंटचे ओटे.
हजारो बाया, एकही गडी विकायले नाही.
सुकटीचा वास असा की
पदर नाकाशी नेला आन् लाजून खाली सोडला.
इबेतोम्बी, माझी विहीण, मासोळीच्या ढिगामागं
पाटलिणीसारखी बसली होती.
तिच्या ओट्यावर मी बी टेकली.
तराजू हातात आला, मग भाषा कायले लागते?
पाव, अर्धा, वरून एक.

तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली.
पोलिसाची.
मी अर्धी उठली होती, बाई,
तिच्या मेणकापडाचे दोन कोपरे माझ्या मुठीत,
मासे एका बाजूले घसरले.
इबेतोम्बीनं माझा पदर धरून
मले खाली बसवलं.
आजूबाजूच्या बाया हसल्या, मग
एकीनं हसू थांबवून माझ्याकडं पाहिलं.

जागा तिच्या सासूची होती. त्याच्या आधी तिच्या सासूची.
बाजूचा ओटा मोकळा होता,
त्यावर घडी घातलेलं कापड, वर एक दगड.
डोंगरातली बाई बसायची तिथं, तिनं बोट करून दाखवलं,
लसूण विकायची.
आता येत नाही.
कावून? तर तिनं नुसते डोंगर दाखवले,
जे मले सकाळपासून सुंदर दिसून राहिले होते.
ती कापडाले हात लावत नाही.
धूळ झटकते, बस.

निघताना तिनं आपला ओटा थोपटला,
एकदा, दोनदा, आन् माझ्याकडं पाहिलं.
पोरगी तर माझ्या घरी आली होती.
मी खाली पाहत चपला शोधत राहिली.

परवा बुधवारी लिन्थोईची सुट्टी होती.
म्हणाली, आई, मी बसते.
ड्युटीचे पांढरे बूट घालूनच बसली,
बेबीताई मेश्रामनं तिले चहा पाजला.
पालक तिनं असा पाणी मारून लावला
की गिऱ्हाईक आपोआप थांबे.
साडेपाचले वळणावर गाडी आली.
बेबीताई पळाली, कोहळेवाला पळाला,
मी पोत्याचे दोन कोपरे धरले,
उरलेल्या दोन कोपऱ्यांवर
लिन्थोई बसली होती.
एका म्हाताऱ्याले अर्धा किलो वांगी तोलून देत होती.
मी म्हटलं, ऊठ.
ती म्हणाली, थांबा, अजून एक वांगं लागते.