डागासारखं काही

हस्केल होते तोवर परशा त्यांच्या तोंडून ऐकायची.
लोकोशेडची ड्यूटी संपली की हात धुऊन, डोक्यावर टोपी,
हिब्रू भराभर, मराठी सावकाश,
मी भेंडी चिरत.
आता मीच वाचते. अजनीत दहा पुरुष कुठून आणायचे?
चष्मा, मी, आणि कूलरची घरघर.

या हप्त्याला घराची परशा निघाली.
भिंतीवर डाग पडतात, हिरवट, तांबूस,
चुन्याच्याही आत गेलेले.
मी वर पाहिलं.
खस गळून गळून कूलरमागची भिंत
तशीच झालेली, फुगलेली.

लिहिलंय, घरधन्यानं कोहेनकडे जावं आणि म्हणावं,
माझ्या घरात डागासारखं काही दिसतंय मला.
सारखं.
पक्कं ठाऊक असलं तरी, सारखं.
इथं हस्केल दर वर्षी थांबायचे.
म्हणायचे, शिगुला, आपल्या घराचासुद्धा
निकाल आपण द्यायचा नसतो.
मी म्हणायची, भात करपतोय.

आणि कोहेन यायच्या आत घर रिकामं करायचं,
आतलं काही अशुद्ध ठरू नये म्हणून.
जुने लोक विचारत, एवढं वाचवायचं तरी काय?
मातीची मडकी.
पितळ धुता येतं, मडकं फोडावं लागतं.
ज्यानं समुद्र दुभंगला
त्याला कुणाच्या तरी मडक्याची काळजी.
मला हे समुद्रापेक्षा पटतं.

रविवारी गवंडी आला. खोली खाली करा जी, म्हणाला.
पलंग, पेटी, लोणच्याच्या बरण्या,
हस्केलचा ड्यूटीचा कंदील,
सगळं अंगणात, बेचाळीस डिग्रीत.
आणि शेवटी, दोघांनी धरून,
मोठा पितळी गंज.
(लग्न होऊन अलिबागेहून आले तेव्हा हसले होते,
इकडे पातेल्याला गंज म्हणतात.)

मागच्या महिन्यात शेंद्रेबाईंनी मागितला होता,
नातीच्या बारशाला.
ठाण्याला लेकीकडे आहे, म्हटलं मी.
का म्हटलं, अजून सांगता येत नाही.

कुंपणापलीकडे त्या कपडे वाळत घालत होत्या.
गंज उन्हात असा पेटला
की भिंतीवरचा कावळा उडाला.

जुने लोक हेही सांगत,
डाग पडतो तो नाही म्हणणाऱ्याच्या घरी.
घर रिकामं होतं, आणि शेजारी बघतात.
हे ऐकतानाही मी भेंडीच चिरत असणार.

परशेत सात दिवस घर बंद ठेवून वाट पाहतात.
मला एक दुपार पुरली.
गवंडी पोपडे खरवडत होता,
मी कुंपणाशी गेले.
शेंद्रेबाई, म्हटलं,
खोट्यासारखं काहीतरी
निघालंय माझ्या घरात.

त्यांनी दातांतला चिमटा काढला.
ठाण्याहून लौकर आला बापा, म्हणाल्या.
मग फाटक उघडून आत आल्या,
गंजाचा एक काठ त्यांनी धरला, एक मी,
लिंबाच्या सावलीत नेला.
तापला होता.
दोघींचेही हात भाजले.