अनामिका

नऊच्या पुढं मोजत नाही तो.
लेटेकचा साधा मॅक्रो: पहिलं, दुसरं, तिसरं,
नऊ जागा देतो आणि दार लावतो.
मला एकेका हाताबद्दल अकरा गोष्टी सांगायच्यात.

त्यात क्रमाची भानगड.
काल रात्री रुंदीच्या जागी मथळा बसला,
तर म्हणतो, आकडा हरवलाय.
रात्रीचे दोन, विडी घरकुलात सगळे गच्चीवर,
पान भिजवायचं ओलं फडकं घडी करून
मी लॅपटॉपखाली सारलेलं.

म्हणून आज एकेकाला नावानं हाक.
रुंदी बरोबर तीन सेंटिमीटर, स्वल्पविराम,
वय बरोबर सत्तेचाळीस, स्वल्पविराम,
विड्या बरोबर रोज हजार.
कुणी आधी आलं, कुणी मागून, भांडण नाही.
तिरकी रेघ, पुढं नुसतं 'हात',
की बारा हात तीन-तीनच्या ओळीत बसतात.
एक स्वल्पविराम विसरले,
तर सगळं वय मथळ्यात वाहून गेलं.
ते शोधायला चहाचे दोन कप.

काही सांगितलंच नाही तर काय धरायचं,
हेही आधीच लिहून ठेवावं लागतं.
रुंदी: अर्धी. कोन: शून्य.
नाव:
समितीनं बजावलंय, प्रबंधात नाव येता कामा नये.
मी तिथं 'अनामिका' भरलं.
करंगळीशेजारच्या बोटाचं नाव,
दोरा गुंडाळून गुंडाळून ज्यावर खाच पडते ते.

दुपारी अम्मा मागं येऊन उभी राहिली,
तंबाखूचा वास आधी, मग ती.
बारा हात, सगळे पिवळट, सगळ्यांची नखं काळी.
सातव्यावर बोट ठेवलं.
ना चेय्यि, म्हणाली. माझा हात.

मी 'नाव बरोबर' लिहिलं,
पुढं पो, स, व्वा.
बाकीच्यांची लिहिलीस?
नाही.
मग माझंच कशाला.
खोडलं. बाकीचं मॅक्रोनं आपोआप भरलं.

तेवढं बोट सरळ कर की, वाकडं दिसतंय.
कोन दिला दोन. मग पाच. मग उणे पाच.
अख्खा हात कलायचा पानावर,
पाठीमागची फरशीसुद्धा.
बोट आपलं तसंच.

ती सुपाकडं गेली.
पंचवीसची जुडी बांधताना मोजत होती तेलुगूत,
मी आठवा हात उघडला.